राठोडबाईंच्या टाकीतली कोरांटी

"भाऊ, याले पाणी किती?" या एका प्रश्नाचं उत्तर मी एकतीस वर्षं देत आलो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे एकतीस वर्षांत ते कोणीही ऐकलेलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो, ते मान हलवतं, रोप घेऊन घरी जातं आणि त्याच्या मनात येईल तेवढं पाणी घालतं. दीड महिन्यानं वाळलेली काडी किंवा सडलेलं बूड पिशवीत घालून परत येतं आणि म्हणतं, "तुमचं झाड खराब निघालं." झाड खराब निघालं म्हणे. मी काय खरबुजं विकत होतो?

दारव्ह्याच्या बाहेर रस्त्याला लागून माझी नर्सरी. आता पुतण्या पाहतो. डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केली आहे, त्यामुळे मी खुर्ची टाकून बसतो आणि पुतण्याच्या गिऱ्हाइकांवर चिडतो. या अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं की झाडांच्या सहवासातले आनंदाचे क्षण लिहा. मी बरेच आठवून पाहिले. जे आठवले त्यातले बहुतेक डोकं फिरल्याचेच होते, तेव्हा तेच लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सरीवाल्याचं काम म्हणजे झाडं वाढवणं. झाडं आपापली वाढतात हो. आमचं खरं काम म्हणजे समोर उभा असलेला माणूस कोणतं झाड कोणत्या पद्धतीनं मारेल याचा अंदाज घेणं. त्याचे जोडे पाहायचे, बोलणं ऐकायचं, घरी नळ कधी येतो ते विचारायचं, अंगणात फरशी आहे की माती ते काढून घ्यायचं. मग जे झाड त्याच्या हातून सगळ्यात उशिरा मरेल ते द्यायचं. पण माणसं ठरवूनच आलेली असतात. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं कमळ मागायची. आणि मी त्यांना सांगायचो, कोरांटी घ्या.

कोरांटी म्हणजे काटेकोरांटी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पांदणीच्या गाडीवाटेकडेला, मुरमाड उतारावर, जिथे दुसरं काही उगवायला तयार नसतं तिथे ही असते. कमरेएवढं झुडूप, पानाच्या बगलेत सुईसारखे काटे, आणि भाद्रपद सरता सरता जी पिवळी फुलं यायला लागतात ती थंडीभर येत राहतात. पावसाळ्यात काडी खोचली की लागली. हिला ऊन पाहिजे, मुरूम पाहिजे आणि पाण्याचा निचरा पाहिजे. उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर पाणी पुष्कळ झालं. लाडानं रोज पाणी घातलं तर नुसती पानं फुटतात, मग मुळं कुजतात.

कमळाचं सगळं उलटं. त्याला खाली तळ्याचा चिकट गाळ, वर वीतभर पाणी आणि दिवसभर ऊन लागतं. गाळात कंद ठेवायचा तो आडवा, कोंब वर करून. हा कोंब मोडला की कंद सडला म्हणून समजा. मग पहिले तीन-चार आठवडे पाणी हिरवं होतं, गढूळ दिसतं, थोडा वासही येतो. तेव्हा काहीही करायचं नाही. आटेल तेवढं वरून घालायचं, बस. पानं पसरली, पाण्यावर सावली पडली की ते आपोआप निवळतं. आधी पाण्यावर तरंगणारी पानं येतात, मग दांड्यावर उभी राहणारी, आणि त्यानंतर कळी.

म्हणजे दोघांची मागणी बघायला गेलं तर एकच आहे, की आम्हाला आमच्या जागी ठेवा आणि मग त्रास देऊ नका. आणि नेमकी हीच एक गोष्ट माणसाला जमत नाही.

ढाणकीचे एक आडते होते. मोठे हौशी, दिलदार. लक्ष्मीपूजनाच्या आठ दिवस आधी गाडी करून आले आणि म्हणाले, पूजेला घरच्या टाक्यातलं कमळ पाहिजे. मी म्हटलं, शेठ, फाल्गुनात यायला पाहिजे होतं, आता कंद झोपायला निघाला. ते म्हणाले, मग दुसऱ्या जातीचा द्या, लवकर येणारा. जणू सोयाबीनचं बियाणं मागत होते. मी नाही म्हटलं तर रागावून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा भेटले तेव्हा कळलं की त्यांनी बाजारातून प्लास्टिकचं कमळ आणलं, टाक्यात गाळ घालून त्यात रोवलं आणि वर्षभर रोज सकाळी त्याचं पाणी बदललं. मला म्हणाले, "पाहा, पाणी बदललं तं काही होत नाही."

मुकुटबनहून लग्नाला आलेले एक शेतकरी परत जाताना कमळाचा कंद घेऊन गेले. महिन्याभरानं फोन. पानं कडेनं जळत आहेत. मी विचारलं, काय घातलं? तर म्हणे काही नाही. पुन्हा विचारलं तर म्हणे तसं काही नाही, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, घालतो तेवढाच युरिया घातला. वीतभर पाण्यात मूठभर युरिया. माणूस चांगला होता, पण जे हिरवं दिसेल त्याला युरिया घातल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती.

कोरांटीची तऱ्हा वेगळी. ती कोणी मारायच्या आधी विकत घ्यायलाच तयार नसे. "हे तं आमच्या धुऱ्यावर लय आहे," असं म्हणून लोक हसायचे. अहो, आहे तर लावा ना दारात. तेही नाही. दारात कोरांटी म्हणजे पडीक घर, असा समज. एका निवृत्त कारकुनांना मी मोठ्या मिनतवारीनं पाच रोपं लावायला लावली. वर्षभरात सुरेख धरली. आणि ऐन फुलायच्या आधी, शेजारच्या शेतात तण निंदायला आलेल्या बायांनी जाता जाता त्यांचं अंगण साफ करून दिलं. पाचही मुळासकट काढून, नीट पेंडी बांधून कुंपणाबाहेर ठेवली. प्रेमानं केलं बिचाऱ्यांनी. वर चहाही पिऊन गेल्या.

असं होता होता मी कोरांटीचा वकील झालो. हे कबूल करायला हवं, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यातूनच झालं. कमळ मागणारा माणूस दिसला की माझं डोकं तापायचं. हा पाणी बदलणार, हा युरिया घालणार, आणि परत येऊन मला नावं ठेवणार. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधीच मी मनात त्याचा निकाल लावून टाकलेला असे.

बारा वर्षांपूर्वी फाल्गुनात राठोडबाई पहिल्यांदा आल्या. बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्यावर त्या अंगणवाडी सेविका होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, सडसडीत बांधा, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ उभा राहील. त्यांचे यजमान रामधनभाऊ जीप चालवायचे. त्यांना लकवा मारला होता आणि ते खाटेवर होते. बाई म्हणाल्या की यांना कमळ पाहिजे, दारासमोर सिमेंटची टाकी बांधून घेतली आहे, सगळं नीट सांगा. मी सांगितलं. त्यांनी अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारं ते पहिलंच गिऱ्हाईक, म्हणून मी खूश होऊन त्यांना सगळ्यात चांगला कंद काढून दिला.

सव्वा महिन्यानं त्या पुन्हा आल्या. कंद सडला. मी विचारलं, पाणी बदललं का? त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलं तसंच केलं. मी दुसरा दिला. ज्येष्ठात तिसऱ्यांदा आल्या. तोही गेला होता. आता मात्र मला राग आला. नर्सरीत आणखी चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी बाईंना म्हटलं की शिकलेल्या माणसाला एवढं समजू नये म्हणजे कमाल आहे. त्यांनी तिसरा कंद मागितला, पिशवीत घातला आणि निघाल्या. फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "यायले लय आशा आहे, भाऊ. खाटेवरून दिसन म्हनते."

त्या वाक्यानं मला रात्री बरं वाटेना. आठ-दहा दिवसांनी बोरीला काम निघालं तेव्हा एका मजुराला सोबत घेऊन मी तांड्यावर गेलो. पाहू तरी, ही बाई करते काय.

बाई दारातच होत्या. टाकी रिकामी. नुसती रिकामी नाही, राखेनं घासून, धुऊन, कोरडी करून पालथ्या घमेल्यासारखी उन्हात चकचकत होती. गाळ शेजारी पोत्यावर काढून ठेवलेला. आणि कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून, लेकराला आंघोळीनंतर दुपट्यात घेतात तसा, सावलीला ठेवलेला. मी कपाळावर हात मारून घेतला.

"बाई, तुमी कमळ लावून राह्यल्या का भांडे घासून राह्यल्या?"

"आज कोरडा दिवस आहे," बाई म्हणाल्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डासांचा ताप पसरू नये म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं, रांजण, टाक्या, टिपं घासून कोरडी करायची आणि मग पुन्हा भरायची. सांगायला सोपं आहे. पण त्या तांड्यावर नळ आठवडा आठवडा येत नसे, आणि हंडे डोक्यावर वाहून भरलेला रांजण कोणी सांगितलं म्हणून कोण ओतेल? सुरुवातीला कोणीच ओतत नव्हतं. मग एका वर्षी घरोघरी ताप आला, तांड्यावरची एक पोर यवतमाळला दवाखान्यात नेऊन मोठ्या मुश्किलीनं परत आणली. त्यानंतर बाई दर आठवड्याला दारोदार फिरायला लागल्या. आणि लोक ओततात ते बाईंचं ऐकून नाही. बाई स्वतःच्या दारातलं पाणी सगळ्यांच्या आधी ओततात, ते पाहून.

"माह्या टाकीत पानी दिसलं न भाऊ," त्या म्हणाल्या, "तं उद्यापासून इथं कोनी रांजन उलथा करनार नाही. मंग मी कोनत्या तोंडानं सांगू?"

असा सगळा घोळ होता. माझा एक शब्द त्यांनी मोडला नव्हता. पाणी बदलू नका म्हटलं होतं तर सहा दिवस त्या टाकीला हात लावत नव्हत्या. सातव्या दिवशी मात्र कंद अलगद उपसून काढायच्या, टाकी घासायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा सगळं जिथल्या तिथे लावायच्या. किती का अलगद काढा, आठवड्याला एकदा उपटलेला कंद जगत नाही. आणि मला खरं कारण सांगितलं नाही, कारण नर्सरीत चार माणसांसमोर मी त्यांना अक्कल शिकवत होतो.

आता जी गोष्ट मी त्या दिवशी बाईंना सांगितली नाही ती इथे सांगतो. माझ्या नर्सरीतल्या कमळाच्या प्रत्येक टाक्यात गप्पी मासे होते. बोटाच्या पेराएवढे मासे, डासांच्या अळ्या खाऊन जगतात. ते विहिरीत आणि नाल्यात सोडतात हे बाईंनाही माहीत होतं. पण गुडघाभर टाक्यात, कमळाच्या पानांच्या आडोशाला ते वर्षानुवर्षं मजेत राहतात, पोरंबाळं करतात, आणि अशा टाक्यात एक अळी शिल्लक राहत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. फवारणीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की लहान टाकी ओतायलाच पाहिजे. मला माहीत होतं. पिशवीभर मासे आणून सोडले असते, तांड्यावरच्या लोकांना चार अळ्या टाकून दाखवलं असतं, तर बाईंचा शब्दही राहिला असता आणि कमळही.

मी बोललो नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. ती चकचकीत कोरडी टाकी पाहताना माझ्या मनात पहिला विचार हाच आला की कोरांटीला याहून चांगली जागा मिळणार नाही. इतकी वर्षं जे मी घसा कोरडा करून सांगत होतो, ते इथे या दारात सिद्ध होणार होतं. मासे आणले असते तर पुन्हा कमळच जिंकलं असतं.

मग मी बाईंना दोन झाडांची तुलना करून सांगितली. कमळाला उभं पाणी लागतं, कोरांटीला नको. कमळ उन्हाळ्या-पावसाळ्यात फुलतं आणि थंडीत गुडूप होतं, कोरांटी थंडीभर फुलते. कमळाचं फूल तीन-चार दिवसांत गळतं, कोरांटीला रोज नवी फुलं. डास नाहीत, गाळ नाही, घासणं नाही. खाटेवरून रामधनभाऊंना पिवळंधमक झुडूप दिसेल. मी इतका चांगला बोललो की सोबतचा मजूरही मान डोलवायला लागला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फूल येईन न?"

"ढिगानं येईल," मी म्हटलं.

"बरं. तुमी जानकार हा."

घराच्या मागून खोकल्याचा आवाज आला. बाईंनी तिकडे पाहून त्यांच्या गोरबोलीत काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाल्या, करा काय करायचं ते. मी मजुराकडून टाकीच्या बुडाला छिन्नीनं दोन भोकं पाडून घेतली, म्हणजे पाणी ठरणार नाही. निम्मी टाकी मुरमानं भरली, वर माती. मृगाचा पाऊस झाल्यावर कोरांटीच्या चार काड्या मीच येऊन लावल्या. गोणपाटातला कंद त्या पहिल्या दिवशी अजून जिवंत होता. बाईंनी विचारलं, हा कुठे ठेवू? मी म्हटलं, द्या इकडे. तो माझ्या टाक्यात असा काही माजला की पुढची कितीतरी वर्षं त्याचे कंद मी लोकांना देत होतो. हे बाईंना अजूनही माहीत नाही. हा अंक हाती पडला तर कळेल.

कोरांटी मात्र मी म्हटल्याप्रमाणे आली. तिसऱ्या वर्षी टाकी दिसेनाशी झाली. लांबून तांडा दिसायच्या आधी तो पिवळा ठिपका दिसायचा. आणि मी त्याचा असा काही डांगोरा पिटला की विचारू नका. कमळ मागणारा कोणीही आला की मी म्हणायचो, आधी जाऊन राठोडबाईंची टाकी पाहून या, मग बोलू. लोक खरंच जायचे. बाई त्यांना पाणी द्यायच्या, झाड दाखवायच्या. काही जण कोरांटी लावायलाही लागले. माझ्या धंद्यात मी एखादी गोष्ट पटवू शकलो असेन तर ती एवढीच.

मध्ये रामधनभाऊ गेले. बाई निवृत्त झाल्या. मी नर्सरी पुतण्याला दिली.

हा लेख खरं म्हणजे कोरांटीच्या कौतुकाचा होणार होता. लेखासोबत एक फोटो पाहिजे म्हणून गेल्या महिन्यात पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तांड्यावर गेलो. मला उतरवून तो बोरीला कामाला गेला, दोन तासांनी येतो म्हणाला. कोरांटी नुकती फुलायला लागली होती. बाईंचे गुडघे आता धरतात, भिंतीला हात लावून चालतात, पण आवाज तोच. त्यांनी दोन खुर्च्या टाकल्या, चहा केला. मी फोटो काढला आणि समाधानानं म्हटलं की रामधनभाऊंना शेवटी शेवटी या झाडाची चांगली सोबत झाली असेल.

बाई म्हणाल्या, "यायनं कुठी पाह्यलं? यायची खाट तं मांगच्या दारी होती. शेवटपर्यंत तिथंच."

मी इतक्या वेळा त्या घरी गेलो आणि खाट कुठे आहे हे पाहिलं नव्हतं. खोकला मागून येत होता, तोही ऐकला होता. मी विचारलं की मग कमळ खाटेवरून दिसेल म्हणून त्यांना पाहिजे होतं, त्याचं काय?

"यायले नोहतं पाह्यजे. मलेच पाह्यजे होतं."

"मंग तसं काहून नाही सांगतलं, बाई?"

"काय सांगू? मानूस लकव्यानं पडेल, अन् अंगनवाडीच्या बाईले दारात कमळ पाह्यजे. लोकं हासले असते. यायचं नाव घेतलं म्हनजे कोनी काही म्हनत नाही. पंचवीस वरसं मी लोकायचं पानी फेकलं, भाऊ. शिव्या खाल्ल्या अन् फेकलं. बाया रडत, तरी फेकलं. मले वाटे, एक तरी पानी असं असावं का ज्याच्यापाशी घडीभर बसता येईन. फेकाचं नाही, भराचं नाही. नुसतं पाह्यत बसाचं."

हे त्या तक्रारीनं म्हणाल्या नाहीत. कोरांटीकडे पाहतही नव्हत्या. पुढे असंही म्हणाल्या की जाऊ द्या, ते होणारच नव्हतं, कोरडा दिवस होता ना. तुम्ही तुमच्या परीनं चांगलंच केलं.

मला तिथून उठून जाता आलं असतं तर मी गेलो असतो. पण पुतण्या यायला अजून तासभर होता. आणि बाईंनी "चांगलंच केलं" म्हटल्यावर माझ्यानं गप्प बसवेना. मी सगळं सांगून टाकलं. मासे सोडले असते तर चाललं असतं. टाकी कधीच ओतावी लागली नसती. लोकांना दाखवता आलं असतं, त्यांच्या गुरांच्या हौदातही सोडता आले असते. मी आवाज खाली ठेवून बोलत होतो, माझ्याच पायांकडे पाहत.

बाईंनी विचारलं, "हे तुमाले तवा मालूम होतं?"

"होतं."

"मंग?"

"मले कोरांटीच लावाची होती."

मला वाटलं त्या रडतील, किंवा चालते व्हा म्हणतील. दोन्ही मला चाललं असतं. त्या भिंत धरून उठल्या आणि आत गेल्या. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात लोखंडी सब्बल, म्हणजे पहार होती, तिचाच आधार घेत चालत होत्या. माझ्या खुर्चीशेजारी ती टेकवून म्हणाल्या, "काढा."

मी म्हटलं, बाई, बारा वर्षांचं झाड आहे. मी म्हटलं, आत्ता कंद लावला तरी फाल्गुनाशिवाय हलणार नाही. त्या म्हणाल्या, मग तोवर टाकीची भोकं बुजवता येतील, गाळ आणता येईल, आणि मासेही आणायचे आहेत ना? त्यांनी हिशेब करूनच सब्बल आणली होती. मी शेवटचं म्हणून म्हटलं की नुकती फुलायला लागली आहे, निदान थंडी तरी सरू द्या.

"बारा थंड्या सरू देल्ल्या मी," बाई म्हणाल्या.

मी डॉक्टरांचं सांगितलं. पाठ गेली आहे, वाकायची मनाई आहे. हे ऐकून त्या पुन्हा आत गेल्या. मला वाटलं सुटलो. त्या एक पिढं घेऊन आल्या, टाकीसमोर ठेवलं आणि पदरानं पुसून दिलं. "बसून काढा. वाकाचं काम नाही."

बसलो. फांद्या बाजूला करताना काटे पहिल्यांदा मनगटात, मग कोपरापर्यंत शिरले. पिवळी फुलं धक्क्यानं मांडीवर पडत होती. एकतीस वर्षं ज्या झाडाची मी बाजू घेतली, त्यातलं सगळ्यात देखणं माझ्यासमोर होतं, आणि मनातून मला वाटत होतं की दोन-चार फांद्या तोडून बाईंचा राग निवेल, बुंधा तरी वाचेल. म्हणून पहिला घाव कडेला, हलक्या हातानं घातला.

बाई खुर्ची ओढून माझ्या मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असं नाही निघनार ते, भाऊ. मुळापासून काढा."